जागल्याला थारा कुठे? एडवर्ड स्नोडेन प्रकरणाचा अभ्यास

३० जून २०१३ ही तारीख घातलेला एक अर्ज मॉस्कोतल्या भारतीय वकिलातीत पोचला. अर्जदार अमेरिकेचा नागरिक, नऊच दिवसांपूर्वी तीस वर्षं पूर्ण केलेला. मुक्काम शेरेमेत्येवो विमानतळाच्या ट्रान्झिट भागात. मागणी एकच: आश्रय द्या. २ जुलैला परराष्ट्र मंत्रालयाचे प्रवक्ते सय्यद अकबरुद्दीन यांनी सांगितलं, की विनंती काळजीपूर्वक तपासली आणि ती मान्य करण्याचं कारण आम्हाला दिसत नाही. आपल्याकडे विषय तिथे संपला.

त्याच तारखेचे तसेच अर्ज आणखीही देशांना गेले होते. आधी विचारणा झालेले इक्वेडोर आणि आइसलँड धरून आकडा एकवीसवर जातो. अर्जदार होता एडवर्ड स्नोडेन, अमेरिकेची गुप्त पाळत-व्यवस्था पत्रकारांकडे उघड करणारा. तो देशभक्त की देशद्रोही, हा वाद अजून मिटलेला नाही आणि मिटेल असं वाटतही नाही. मला या प्रकरणात छळते ती वेगळी गोष्ट. त्याने जे उघड केलं त्याचा उपयोग निम्म्या जगाने करून घेतला. संसदांनी चौकश्या नेमल्या, न्यायालयांनी निकाल दिले, सरकारांनी निषेध नोंदवले. पण त्याला रात्रीचं छप्पर द्यायची वेळ आली, तेव्हा यातल्या जवळपास प्रत्येकाला नियम आठवला.

मराठी वर्तमानपत्रांनी ‘व्हिसलब्लोअर’साठी, म्हणजे आतला गैरप्रकार बाहेर उघड करणाऱ्यासाठी, ‘जागल्या’ हा शब्द रुळवला. गावगाड्यातला जागल्या रात्री गस्त घालायचा, चोराची चाहूल लागली की हाकारा करून गाव उठवायचा. त्याची नजर वेशीबाहेर असायची, कारण चोर बाहेरून येणार हे गृहीत होतं. स्नोडेनने आरोळी ठोकली ती थेट चावडीकडे बोट दाखवून. असा जागल्या गावाला नको होतो, आणि शेजारच्या गावांनाही आपापल्या चावड्या असतात.

काय उघड झालं

स्नोडेन अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचा, म्हणजे एनएसएचा, थेट नोकर नव्हता. आधी सीआयए, मग डेल आणि शेवटी बूझ ॲलन हॅमिल्टन या कंपनीचा कंत्राटी माणूस म्हणून तो हवाईतल्या केंद्रात संगणकाचं काम करत होता. २० मे २०१३ रोजी तो हवाईहून हाँगकाँगला निघाला. तिथल्या मीरा हॉटेलात जूनच्या सुरुवातीला लॉरा पॉइट्रस, ग्लेन ग्रीनवाल्ड आणि ‘गार्डियन’चे इवन मॅकॲस्किल हे पत्रकार त्याला भेटले.

५ जूनला पहिली बातमी आली. परकीय हेरगिरीवर देखरेख ठेवणाऱ्या एका गुप्त न्यायालयाने व्हेरायझन या दूरध्वनी कंपनीला आदेश दिला होता, की आपल्या ग्राहकांच्या कॉलच्या नोंदी दररोज एनएसएकडे सोपवा. कुणी कुणाला, केव्हा, किती वेळ फोन केला, एवढ्याच नोंदी, संभाषण नाही. सरकारचा बचावही हाच होता. पण एखाद्या बाईने सकाळी पॅथॉलॉजी लॅबला, दुपारी कॅन्सरच्या डॉक्टरांना आणि रात्री परदेशातल्या भावाला तासभर फोन केला, तर आत काय बोलणं झालं हे ऐकायची गरज कुणाला पडते?

दुसऱ्याच दिवशी ‘प्रिझम’ बाहेर आलं: मोठ्या अमेरिकी इंटरनेट कंपन्यांकडून परदेशी वापरकर्त्यांची माहिती घेण्याची व्यवस्था. ८ जूनच्या बातमीत भारतीय वाचकासाठी एक आकडा होता. ‘बाउंडलेस इन्फॉर्मंट’ नावाच्या अंतर्गत नकाशानुसार २०१३ च्या एकट्या मार्च महिन्यात भारतातून ६३० कोटी नोंदी गोळा झाल्या होत्या. इराण, पाकिस्तान, जॉर्डन आणि इजिप्त यांच्यानंतर आपला क्रमांक पाचवा.

त्याच मार्चच्या १२ तारखेला राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक जेम्स क्लॅपर यांना सिनेटच्या समितीपुढे थेट विचारलं गेलं होतं, की एनएसए कोट्यवधी अमेरिकनांची कुठल्याही प्रकारची माहिती गोळा करते का. त्यांनी ‘नाही’ म्हटलं आणि पुढे पुस्ती जोडली, की जाणूनबुजून तरी नाही. हे उत्तर खोटं असल्याचं कागदोपत्री सिद्ध झालं ते स्नोडेनमुळे. क्लॅपर यांच्यावर खटला भरला गेला नाही.

आतल्या आत तक्रार का नाही?

हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. आपण वरिष्ठांशी बोललो होतो असं स्नोडेन सांगतो. एनएसएने मात्र त्याचा एकच ईमेल शोधून जाहीर केला, आणि तो कायदेशीर शंका विचारणारा होता. दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम आहेत. पण बाकीचं सगळं चित्र पाहिलं की हा वाद दुय्यम वाटतो.

अमेरिकेचा सर्वसाधारण जागल्या-संरक्षण कायदा गुप्तचर संस्थांना लागू नव्हता. ऑक्टोबर २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी काढलेल्या निर्देशाने गुप्तचर खात्यातल्या कर्मचाऱ्यांना थोडं संरक्षण दिलं, पण कंत्राटी माणसं त्यातून सुटली. शिवाय थॉमस ड्रेक यांचं उदाहरण डोळ्यांसमोर होतं. एनएसएतले हे वरिष्ठ अधिकारी आधी रीतसर वाटेनेच गेले होते. वरिष्ठ, महानिरीक्षक, संसदेची समिती, सगळीकडे. पुढे पत्रकाराशी बोलले आणि २०१० मध्ये त्यांच्यावर हेरगिरी कायद्याखाली आरोप ठेवले गेले. २०११ मध्ये गंभीर आरोप गळून पडले आणि एका किरकोळ गुन्ह्याच्या कबुलीवर प्रकरण मिटलं, पण तोवर नोकरी आणि उमेदीची वर्षं गेली होती. रीतसर मार्ग पाळणाऱ्याचं काय होतं, हे त्या खात्यातल्या प्रत्येकाने पाहिलं होतं.

हा हेरगिरी कायदा १९१७ चा, पहिल्या महायुद्धाच्या काळातला. शत्रूला माहिती विकणारा आणि वर्तमानपत्राला माहिती देणारा यांत तो फरक करत नाही. ‘मी हे जनहितासाठी केलं’ असा बचाव आरोपीला ज्युरीपुढे मांडताच येत नाही. १९७१ मध्ये व्हिएतनाम युद्धाची गोपनीय कागदपत्रं फोडणारे डॅनियल एल्सबर्ग देशातच थांबले, जामिनावर राहून बोलत राहिले आणि सरकारच्याच गैरकृत्यांमुळे १९७३ मध्ये खटला रद्द झाला. स्नोडेनच्या टीकाकारांचा हा आवडता दाखला. पण जुलै २०१३ मध्ये खुद्द एल्सबर्ग यांनी लिहिलं, की काळ बदलला आहे आणि स्नोडेनने देश सोडला हे योग्यच केलं.

आश्रितांनी दिलेला आश्रय

९ जूनला स्नोडेनने स्वतःचं नाव जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला हॉटेल सोडावं लागलं. पुढचे जवळजवळ दोन आठवडे तो कुठे होता, हे जगाला २०१६ मध्ये कळलं. त्याच्या वकिलाने त्याला आपल्या इतर अशिलांच्या घरी ठेवलं होतं. फिलिपिन्स आणि श्रीलंकेतून जीव वाचवून आलेली ही माणसं हाँगकाँगमध्ये स्वतःच आश्रयाच्या निर्णयाची वाट पाहत वर्षानुवर्षं लटकलेली होती. खोल्या इवल्याशा. नोकरी करायची परवानगी नाही. त्यांनी त्याला झोपायला जागा दिली आणि आपल्यातलं जेवायला दिलं.

हाँगकाँगमध्ये १९५१ चा निर्वासित करार लागू नाही. ज्यांना कायद्याने काहीच देऊ केलं नव्हतं, त्यांनी दार उघडताना कागद मागितला नाही. या प्रकरणाचा अभ्यास करताना मला हा भाग सोडून पुढे जाववत नाही.

१४ जूनला व्हर्जिनियातल्या संघराज्य न्यायालयात गुप्तपणे फिर्याद दाखल झाली आणि २१ जूनला ती उघड झाली. तो त्याचा तिसावा वाढदिवस होता. आरोप तीन: सरकारी मालमत्तेची चोरी, संरक्षणविषयक माहिती अनधिकृतपणे पुरवणं आणि गोपनीय संदेश-हेरगिरीची माहिती अनधिकृत व्यक्तीला देणं. प्रत्येकाला कमाल दहा वर्षं. चोरीचा आरोप पहिला का, याचा विचार करण्यासारखा आहे. प्रत्यार्पणाच्या परंपरेत हेरगिरी आणि राजद्रोह हे शुद्ध राजकीय गुन्हे मानले जातात आणि बहुतेक करार अशा गुन्ह्यांसाठी माणूस परत देत नाहीत. चोरी मात्र कुठल्याही देशात चोरीच असते. माझ्या वाचनाप्रमाणे तो आरोप न्यायालयाइतकाच हाँगकाँगच्या सरकारसाठीही लिहिला गेला होता.

हाँगकाँगने तरीही त्याला अडवलं नाही. अमेरिकेने पाठवलेली कागदपत्रं अपुरी आहेत, त्यात त्याचं मधलं नावसुद्धा सगळीकडे सारखं नाही, असं कारण दिलं गेलं. त्याआधी स्नोडेनने तिथल्या एका वर्तमानपत्राला हाँगकाँग आणि चीनमधल्या संगणकांत अमेरिका शिरल्याची माहिती दिली होती. इथे माझं त्याच्याशी पटत नाही. स्वतःच्या नागरिकांवरची बेकायदा पाळत उघड करणं वेगळं आणि दुसऱ्या सत्तेविरुद्धची हेरगिरी त्याच सत्तेच्या अंगणात बसून सांगणं वेगळं. त्याच्या विरोधकांच्या हाती यामुळे खरा मुद्दा लागला.

पासपोर्ट आणि रिकामी खिडकी

२२ जूनला अमेरिकेने त्याचा पासपोर्ट रद्द केला. २३ जूनला तो गोपनीय कागदपत्रं प्रसिद्ध करणाऱ्या विकिलीक्स या संस्थेच्या सारा हॅरिसन यांच्यासोबत एरोफ्लोटच्या विमानाने मॉस्कोला उतरला. पुढचं विमान दुसऱ्या दिवशीचं, हवानाचं. तिथून लॅटिन अमेरिका. हाती इक्वेडोरच्या लंडनमधल्या वाणिज्यदूताने दिलेलं एक प्रवासपत्र होतं, पण ते अधिकृत नसल्याचं इक्वेडोरनेच पुढे सांगितलं. अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी इक्वेडोरचे राष्ट्राध्यक्ष कोरेया यांना या विषयावर फोनही केला.

हवानाचं विमान उडालं तेव्हा १७ए या जागेवर कुणी नव्हतं. त्याला गाठायला चढलेले पत्रकार रिकाम्या सीटचे फोटो काढत क्यूबाला गेले.

‘तो रशियाला पळून गेला’ हे वाक्य इतक्यांदा लिहिलं गेलं आहे, की ते आता कुणी तपासत नाही. तो रशियाच्या वाटेने निघाला होता. तिथे तो अडकला, कारण त्याचा पासपोर्ट निकामी झाला होता. त्याच्या वाट्याला रशियन पाहुणचार येण्यात वॉशिंग्टनच्या त्या एका सहीचा वाटा किती, हे मोजायला हवं. आणि वाट निवडताना त्याने व त्याच्या सल्लागारांनी हा धोका कमी लेखला, हेही सोबत लिहायला हवं.

एकवीस दारं

ट्रान्झिट भाग ही विमानतळावरची विचित्र जागा. पाय रशियाच्या जमिनीवर, पण कागदावर माणूस रशियात शिरलेला नाही. दोन वेशींच्या मधली ही पट्टी. ३० जूनला हॅरिसन यांनी विमानतळावरच्या रशियन वाणिज्य अधिकाऱ्याकडे अर्जांचा गठ्ठा दिला आणि तिथून ते वकिलातींना गेले.

उत्तरं वाचली की कायद्याची चौकट उघडी पडते. नॉर्वे, फिनलंड, ऑस्ट्रिया, स्पेन, स्वित्झर्लंड या सगळ्यांचा सूर एक: आश्रय मागायचा तर आधी आमच्या जमिनीवर या. पोलंडने अर्जाच्या नमुन्यात खोट काढली. जर्मनी, फ्रान्स, इटलीने नकार दिला. ब्राझीलने उत्तरच द्यायचं नाही असं ठरवलं. जमिनीवर यायला विमान हवं, विमानाला पासपोर्ट हवा, आणि पासपोर्ट ज्याच्यापासून पळायचं त्याच्याच हाती. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं चौदावं कलम आश्रय मागण्याचा हक्क प्रत्येकाला देतं. तिथपर्यंत पोचण्याची वाट मात्र ते कुणाकडूनही मागत नाही.

लॅटिन अमेरिकेत वकिलातीत शिरलेल्या माणसाला आश्रय देण्याची जुनी रीत आहे. विकिलीक्सचे संस्थापक ज्युलियन असांज त्या वेळी लंडनमधल्या इक्वेडोरच्या वकिलातीत वर्षभर राहिलेलेच होते. स्नोडेनला एखाद्या वकिलातीचा उंबरठा गाठायलाही ट्रान्झिटच्या बाहेर पडावं लागलं असतं.

आणि २ जुलैच्या रात्री जे झालं त्याने उरलीसुरली शंका मिटवली. बोलिव्हियाचे राष्ट्राध्यक्ष इव्हो मोरालेस मॉस्कोची परिषद आटोपून घरी निघाले होते. आपण स्नोडेनचा विचार करू शकतो असं ते बोलून गेले होते. फ्रान्स, पोर्तुगाल, इटली आणि स्पेनने आपलं आकाश त्यांच्या विमानाला नाकारलं, कारण स्नोडेन आत असल्याचा संशय होता. एका सार्वभौम देशाच्या प्रमुखाला व्हिएन्नात उतरून रात्र काढावी लागली; सुटका तेरा-चौदा तासांनी. विमानात स्नोडेन नव्हता. राष्ट्राध्यक्षाचं विमान उतरवलं जातं, तर साध्या प्रवाशाचं काय होईल, हे सगळ्यांना समजलं. त्यानंतर चार दिवसांच्या आत व्हेनेझुएला, निकाराग्वा आणि बोलिव्हियाने आश्रय देऊ केला. तोवर त्या देशांपर्यंत जाण्याची वाट उरली नव्हती.

छळ की खटला?

कायद्याच्या विद्यार्थ्याने इथे थांबावं. १९५१ च्या करारानुसार निर्वासित ठरायला वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समूह किंवा राजकीय मत यांपैकी कारणाने छळ होण्याची रास्त भीती असावी लागते. नेहमीचा फौजदारी खटला हा छळ नव्हे. अमेरिकेची भूमिका हीच होती. २३ जुलैला महाधिवक्ता एरिक होल्डर यांनी रशियाच्या न्यायमंत्र्यांना पत्र लिहून कळवलं, की स्नोडेनला मृत्युदंड होणार नाही, त्याचा अनन्वित छळ होणार नाही, खटला नागरी न्यायालयात चालेल आणि परत येण्यापुरता मर्यादित पासपोर्टही मिळेल.

ही आश्वासनं पोकळ नव्हती. पण खटल्याचं रूपांतर छळात कधी होतं, यालाही कसोट्या आहेत. शिक्षा कृत्याच्या मानाने अवाजवी असेल, किंवा कायदाच असा असेल की ज्यात कृत्यामागचा हेतू मांडायची सोय नाही, तर आश्रयाचा दावा उभा राहू शकतो. १९१७ चा कायदा या दुसऱ्या वर्णनाच्या फार जवळ जातो. माझ्या मते स्नोडेनचा दावा भक्कम नव्हता, पण सुनावणीच्या लायकीचा नक्की होता. एकवीसपैकी किती देशांनी गुणदोषांवर सुनावणी केली? बहुतेकांनी उंबरठ्यावरच अर्ज थांबवला.

दिल्लीचा नकार

भारत १९५१ च्या कराराचा सदस्य नाही आणि आपल्याकडे आश्रयाचा स्वतंत्र कायदाही नाही. १९५९ मध्ये दलाई लामांना थारा दिला तो राजकीय निर्णय होता. प्रत्येक प्रकरण सरकार स्वतंत्रपणे ठरवतं. त्यामुळे दिल्लीला ‘आधी जमिनीवर या’ हा नियम सांगायचीसुद्धा गरज पडली नाही.

त्या आठवड्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. २४ जूनला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन केरी दिल्लीत द्विपक्षीय संवादासाठी आले होते. ३० जूनला बातमी आली, की एनएसएने लक्ष्य केलेल्या ३८ परकीय कचेऱ्यांत वॉशिंग्टनमधली भारतीय वकिलातही होती. दोन दिवसांनी आपण स्नोडेनला नकार दिला आणि परराष्ट्रमंत्री सलमान खुर्शीद यांनी ब्रुनेईत सांगितलं, की ही खरी हेरगिरी नव्हे, कॉल आणि ईमेलच्या नमुन्यांचं संगणकीय विश्लेषण आहे. ज्याच्या वकिलातीत कान लावला गेला त्यानेच कान लावणाऱ्याची बाजू समजावून सांगावी, याचं मला आजही वाईट वाटतं. त्याच वर्षी भारत स्वतःची सेंट्रल मॉनिटरिंग सिस्टिम, म्हणजे फोन आणि इंटरनेटवर पाळत ठेवणारी यंत्रणा, उभी करत होता, हे लक्षात घेतलं की शब्दांची निवड कळते. २०१४ च्या जूनअखेरीस उघड झालं, की २०१० मध्ये पाळत ठेवण्यास मंजुरी मिळालेल्या परकीय पक्षांत भारतीय जनता पक्षही होता. तोवर तो पक्ष सत्तेत आला होता. अमेरिकी अधिकाऱ्याला बोलावून निषेध नोंदवला गेला.

हा दुटप्पीपणा एकट्या दिल्लीचा नव्हता. चॅन्सेलर मर्केल यांच्या फोनवर पाळत असल्याचं कळल्यावर जर्मनी संतापला; ब्राझीलच्या राष्ट्राध्यक्ष रूसेफ यांनी अमेरिका दौरा पुढे ढकलला. दोघांनी मिळून डिजिटल युगातल्या खासगीपणाचा ठराव मांडला आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो डिसेंबर २०१३ मध्ये संमत केला. ठरावाला आधार स्नोडेनच्या कागदांचा. त्याला घर मात्र दोघांनीही दिलं नाही.

आपल्या घरची एक नोंद इथेच करतो. भारताच्या जागल्या-संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही ९ मे २०१४ रोजी झाली, पण तो कायदा अंमलात आलेला नाही. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा मात्र चालू आहे.

रशियाचं दार आणि त्याची किंमत

१ जुलैला पुतिन यांनी अट घातली होती, की राहायचं तर आमच्या अमेरिकी भागीदारांना इजा करणं थांबवावं लागेल. स्नोडेनने तेव्हा रशियाकडचा अर्ज मागे घेतला. १२ जुलैला विमानतळावर मानवी हक्क संघटनांना भेटून त्याने पुन्हा तिथेच आश्रय मागण्याचं ठरवलं. १ ऑगस्टला, जवळजवळ चाळीस दिवसांनी, वर्षभराचा तात्पुरता आश्रय मिळाला. ओबामांनी पुतिन यांच्यासोबतची शिखरभेट रद्द केली.

पुढे तीन वर्षांचा परवाना, त्याला मुदतवाढ, २०२० मध्ये कायमचं वास्तव्य आणि सप्टेंबर २०२२ मध्ये नागरिकत्व. किंमत हळूहळू वसूल होत गेली. एप्रिल २०१४ मध्ये त्याने पुतिन यांना टीव्हीवरच्या कार्यक्रमात विचारलं, की रशिया सरसकट पाळत ठेवतो का. पुतिन यांनी साफ इन्कार केला आणि तो इन्कार जगभर दाखवला गेला. रशियात पाळत वाढवणाऱ्या २०१६ च्या यारोवाया कायद्यावर स्नोडेनने उघड टीका केली, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. युक्रेनवर हल्ला होणार नाही असा त्याचा अंदाज साफ चुकला आणि त्यानंतर तो या विषयावर जवळपास गप्प झाला. आश्रय देणारा एकच उरला, की आश्रिताचा आवाज त्याच्या हाती जातो.

अमेरिकेतल्या न्यायालयांचा प्रवास दुसऱ्या दिशेने झाला. मे २०१५ मध्ये एका अपील न्यायालयाने कॉलच्या नोंदींचा सरसकट साठा कायद्यात बसत नाही असं ठरवलं, जूनमध्ये संसदेने तो कार्यक्रम बदलला, आणि सप्टेंबर २०२० मध्ये दुसऱ्या अपील न्यायालयानेही तो बेकायदा होता असं म्हटलं. पुढच्याच महिन्यात स्नोडेनला रशियाचं कायम वास्तव्य मिळालं. व्हर्जिनियातली १४ जून २०१३ ची फिर्याद उभीच राहिली.

हाँगकाँगमधल्या त्या कुटुंबांचे दावे तिथल्या अधिकाऱ्यांनी २०१७ मध्ये फेटाळले. मग कॅनडातल्या काही लोकांनी पुढाकार घेऊन त्यांना प्रायोजकत्व दिलं. कॅनडाने त्यांचे अर्ज ती माणसं हाँगकाँगमध्ये असतानाच विचारात घेतले. आधी जमिनीवर या, असं कुणी म्हटलं नाही. मार्च २०१९ मध्ये फिलिपिन्सची ती बाई आणि तिची लहान मुलगी कॅनडात उतरल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये श्रीलंकेचं चौघांचं कुटुंब पोचलं. त्यांच्यातला सातवा माणूस, श्रीलंकेच्या सैन्यात राहून आलेला, त्या विमानात नव्हता.